लांबट अनघड दगड, सात नग

दि. १२ जून २०२४
कोंदावाही

प्रिय लालसू,

जोहार.

सोमवारपासून तुला अकरा वेळा फोन केला. येरमेगुड्याच्या टेकडीवर टॉवर लागून दोन वर्षे झाली, तेव्हा रेंज नव्हती हे कारण मी धरत नाही. तू उचलला नाहीस, एवढेच खरे. म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे.

सोमवारी विद्यापीठाच्या फाटकाशी चाळीसेक माणसांसमोर तू ओरडलास, "हऱ्या, माह्या बापाचा दगड कुठी आहे? सांग ना बे! काऊन मुका झाला?" मी उत्तर दिले नाही. कार्यालयीन वेळेत, सुरक्षारक्षकांसमोर, सहायक कुलसचिवाने असे उत्तर द्यायचे नसते. मला 'हऱ्या' म्हणणारा आता तूच एक उरला आहेस. त्या दिवसापासून रक्षकांनाही ते नाव ठाऊक झाले आहे.

आता वस्तुस्थिती.

"विद्यापीठाने आमची जागा खाल्ली" हे तुझे विधान चुकीचे आहे. ही जागा महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने पलटणीसाठी घेतली. पुढे ती राखीव दलाची छावणी झाली. नव्वदच्या आसपासची काही वर्षे तिच्यातील तीन नंबरची बराक जंगलातून उचलून आणलेल्या माणसांना डांबून ठेवण्यासाठी वापरली गेली. २००८ साली छावणी हलली आणि पंधरा वर्षे तिथे रानडुकरांखेरीज कोणी राहिले नाही. यंदा मार्चमध्ये शासनाने ती रीतसर विद्यापीठाकडे सोपवली. ती तुमची होती हे खरे. पण तुमच्याकडून ती ऐंशी वर्षांपूर्वी गेली, आणि नेणारे दुसरे होते.

"तुले सगळं माहीत होतं" हे तुझे दुसरे विधान. जागा ताब्यात घेताना तिथे जे काही आहे त्याची यादी करावी लागते. ती मी केली. एकूण २१४ बाबी. त्यातील बाब क्रमांक ४३ अशी आहे: 'लांबट अनघड दगड, उभे, सात नग, बराक क्र. ३ च्या मागे; उपयोग: भराव.' एप्रिलमध्ये ठेकेदाराने ते यादीनुसार भरावासाठी उचलले. ते दगड बराकीत मेलेल्यांच्या नावाने तुम्ही उभे केले होते, याची मला कल्पना नव्हती. दगडांवर नावे नव्हती, शेंदूर नव्हता, भोवती कुंपण नव्हते, आणि ग्रामसभेचे पत्रही आमच्याकडे कधी आले नव्हते.

तिसरे तू म्हणालास ते विधान नव्हते. तू म्हणालास, "माय म्हणते, मी मेली का माहा दगड त्याच्याच बाजूले उभा करजो. आता कोणाच्या बाजूले करू?" झिंगूकाकांचा देह तुम्हाला मिळाला नाही, म्हणून जिथे ते गेले तिथेच, तारेच्या कुंपणाला लागून, तुम्ही दगड लावलात हे मला आता समजले आहे. सोमारीकाकींविषयी मला आदर आहे. पण यावर कार्यालय काय करू शकते, हे तूच सांग.

जाता जाता एवढेच: त्या तीन नंबरच्या बराकीत आता वाणिज्य विभाग बसणार आहे. भिंतीतील चौदा लोखंडी कड्या कापून काढल्या, खिडक्या दुप्पट रुंद केल्या. तुझ्यामाझ्यासारख्यांना बी.कॉम. करायला चंद्रपूरच्या वसतिगृहात पाच जणांत तीन गाद्यांवर झोपावे लागले. माझे वडील नागभीडच्या राईस मिलमध्ये पोती उचलता उचलताच गेले. त्यांनी विद्यापीठ हा शब्द कधी उच्चारला नाही. हे विद्यापीठ इथे यावे म्हणून मी तेरा वर्षे फाईली वाहिल्या आहेत. त्याच्याकडे केवळ सात दगडांच्या बाजूने पाहू नकोस.

तुझा,
हरिदास


दि. ३ जुलै २०२४
कोंदावाही

प्रिय लालसू,

माझे पत्र परत आले. फोडलेले, वाचलेले आणि नव्या पाकिटात घालून परत पाठवलेले. 'याची मला कल्पना नव्हती' या शब्दांखाली तू पट्टी लावून रेघ ओढली आहेस. पाठीमागे तुझ्या अक्षरात एवढेच: '१९८६ ची दिवाळी.'

ठीक आहे. सुट्टीत मी तुझ्याबरोबर येरमेगुड्याला आलो होतो. तुझ्या आजोबांचा दगड उभा करायचा होता. दगड नाल्याजवळ निवडून ठेवलेला होता, माझ्या छातीपर्यंत येईल एवढा. तो लाकडांना बांधून आठ जणांनी उचलला, पुढे ढोल. वाटेत एक जण पाय मुरगळून बसला आणि झिंगूकाकांनी मला बोटाने खुणावले. मी म्हणालो, "काका, मी तुमच्यातला नाई." ते हसून म्हणाले, "दगडाले काय समजते बाबू? खांदा लाव." माझा उजवा खांदा पुढचे आठ दिवस काळानिळा होता, वसतिगृहात तू त्याला मोहाचे तेल चोळलेस. दगड उभा झाल्यावर काका मला म्हणाले की ज्याने खांदा दिला तो त्या दगडाचा माणूस झाला, आता दर वर्षी ये. मी पुन्हा आलो नाही. परीक्षा होत्या.

तेव्हा अशा दगडाचा अर्थ मला माहीत होता, हे मान्य. पण बाब ४३ मधील दगड त्याच जातीचे आहेत हे माझ्या लक्षात आले नाही, हेही खरे. चाळीस वर्षांपूर्वी एकदा पाहिलेली गोष्ट माणसाला ओळखू येईलच असे नाही. मी कागद पाहणारा माणूस आहे.

तुझ्या त्या ओळीमागे दुसरेही एक वर्ष आहे आणि ते तू मुद्दाम लिहिले नाहीस, असे मला वाटते. १९९१. मी तहसील कार्यालयात कनिष्ठ लिपिक होतो. भर पावसात तू आलास, पायांत चप्पल नव्हती. म्हणालास, बापाला छावणीत नेऊन नऊ दिवस झाले. मी तुझा अर्ज वाचला, त्यातील दोन चुका दुरुस्त केल्या, आणि परत दिला. सांगितले की अटकेची नोंद कुठेही नाही. ज्याची नोंदच नाही त्याच्या सुटकेचा अर्ज घेता येत नाही. नियम तसाच होता. आजही तसाच आहे. तू अर्जाची घडी घातलीस आणि म्हणालास, "बरोबर आहे भाऊ तुमचं." मला तू तोवर कधी 'भाऊ' म्हणाला नव्हतास, 'तुमचं' तर नाहीच.

पुढल्या महिन्यात छावणीतून निरोप आला की झिंगू नावाचा इसम तिथे कधी आणलाच नव्हता.

मला वाटते, तू माझ्यावर रागावला आहेस तो एप्रिलपासून नव्हे. तसे असेल तर ते एकदा सरळ बोल. दगडांच्या आडून बोलू नकोस.

हरिदास


दि. २१ ऑगस्ट २०२४
कोंदावाही

लालसू,

कालची सुनावणी संपल्यावर मी बाहेर चहाच्या टपरीवर तुझ्यासाठी अर्धा तास थांबलो. तू काकींना धरून समोरून गेलास. तुला मी दिसलो नाही असे म्हणायला वाव नाही. टपरीवर मी एकटाच होतो.

उपविभागीय अधिकारी बाई तरुण आहेत, पण त्यांनी प्रकरण नीट वाचले होते. तुझे निवेदनही चांगले होते. वकील न घेता तू जे मांडलेस त्यात एकच उणीव होती: पुरावा. दगड होते हे आम्ही नाकारत नाही. ते स्मृतीचे दगड होते आणि हे विद्यापीठाला ठाऊक होते, हे सिद्ध व्हायला हवे. बाईंनी मला विचारले, "यादी तुम्ही केलीत. हे दगड काय आहेत, हे तुम्हाला माहीत होतं का?"

मी उत्तर दिले, "नोंदीनुसार ते अनघड दगड आहेत."

"मी नोंदीबद्दल विचारत नाहीये. तुमच्याबद्दल विचारतेय."

"मॅडम, मी तिथे नोंद करण्यासाठीच होतो."

तेव्हा बाकावरून काकी उठल्या आणि माडियात काही बोलल्या. बाईंनी तुला अर्थ विचारला. तू माझ्याकडे न पाहता सांगितलेस, "माय म्हणते, हा पोरगा आपल्या घरी जेवला होता ना? डुकराचं मटण खाल्लं नाई म्हणून मी ह्याले अंडं उकडून देल्लं होतं." सगळे हसले. आमचे वकीलही हसले. बाईंनी 'हे कामकाजात घेऊ नका' असे लेखनिकाला सांगितले. हरकत घ्यायला मीही अर्धा उठलो होतो. पण कशाला हरकत घ्यायची हे सुचेना, म्हणून पुन्हा बसलो.

अंडी दोन होती.

तुझा दावा पुराव्याअभावी फेटाळला गेला. अपिलाला तुला नव्वद दिवस आहेत. मला वाटते, या टप्प्यावर एक गोष्ट मी सांगितलेली बरी. तिचा अपिलाला उपयोग नाही, पण तुझ्या मनाला होईल.

दगड उचलले त्या दिवशी मी तिथे होतो. एप्रिलची दहा तारीख, सकाळचे साडेदहा. ठेकेदाराचा विक्की नावाचा सुपरवायझर आहे, चंद्रपूरचा. तो दगडांभोवती फिरून माझ्याकडे आला.

"सर, हे गोटे असे उभे काऊन आहेत? कोणं तरी गाडल्यासारखे दिसून राह्यले."

मी म्हणालो, "यादीत बघ."

"यादीत भराव लिहून आहे. पण सर, ह्याच्या बुडाशी तांदूळ पडला आहे. दोन पानाचे दोने पण आहेत. माह्या माणसाइनं हात लावाले नाई म्हटलं. म्हणतात, सायबाले विचारा, मंग."

ते सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. सात मजूर आणि विक्की. मी मागे वळून बराकीकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि म्हणालो, "यादीप्रमाणे करा."

विक्कीने कानाला हात लावले, मग क्रेनवाल्याला खूण केली.

म्हणजे मला कल्पना होती. हे मी तुला लिहितो आहे, कार्यालयाला नव्हे. ते दगड आता प्रशासकीय इमारतीच्या पूर्वेकडील कोपऱ्यात, पायात गेले आहेत. वर दोन मजले उभे आहेत. ते काढायचे तर इमारत पाडावी लागेल आणि तसा आदेश कोणीही देणार नाही. कुठे आहेत ते समजले, एवढे तरी काकींना सांग. अपिलात वेळ आणि बसभाडे घालवू नकोस.

हरिदास


दि. १६ ऑक्टोबर २०२४
कोंदावाही

लालसू,

तू उत्तर देत नाहीस, पण काकींमार्फत तुझे उत्तर दर बुधवारी येते.

कोंदावाहीच्या आठवडी बाजाराला त्या पहिल्या बसने येतात आणि बाजार राहू देऊन थेट आमच्या फाटकात शिरतात. पूर्वेच्या कोपऱ्याशी, जिथे आम्ही जास्वंदीची रोपे लावली आहेत, तिथे उकिडव्या बसतात. पदरातून तांदूळ काढतात, बाटलीतून दोन थेंब मोहाची सांडतात, भिंतीला हात लावून काहीतरी पुटपुटतात. तासाभराने जातात. सहा बुधवार झाले. पाय कापतात त्यांचे; तू त्यांना एकटीला कसे पाठवतोस हे मला समजत नाही. किंवा समजते.

पहिल्या बुधवारी रक्षक सुनिल धावत माझ्याकडे आला. तो मार्कंड्याचा, भाविक माणूस. "सर, एक बुढी दारू शिंपून राह्यली आपल्या बिल्डिंगले. काढू का?"

मी म्हणालो, "राहू दे."

"पण वरून साहेबाइनं पाह्यलं तं?"

"सांग, जास्वंदीला पाणी घालते आहे."

आता सुनिलच त्यांना खुर्ची नेऊन देतो. त्या बसत नाहीत. परवा तो मला म्हणाला, "काहीच तरास नाई सर तिचा. येते, बसते, जाते. आपल्या प्राध्यापक लोकाइपेक्षा टाइमात येते."

गेल्या बुधवारी मी खाली उतरलो. त्यांनी मला पाहिले आणि मराठीत विचारले, "हरी?" मी होय म्हटले. "जावा पिला?" मी म्हटले, सकाळी जेवून निघतो, आंबील पीत नाही. त्यांनी मान हलवली, जणू ही माझी जुनीच खोड. मग पानाचा दोना माझ्या हातात दिला आणि बाटली उघडायला दोन्ही हात मोकळे केले. मी कुलसचिवांच्या खिडकीखाली दोना धरून उभा राहिलो. त्यांनी त्यात मोहाची ओतली, माझ्या हातांसकट दोना भिंतीपर्यंत नेला आणि खाली सांडवला. झिंगूकाकांचे नाव घेतले, मग त्या सगळ्यांची. सहा नावे मला नीट ऐकू आली. माझे दोन्ही हात ओले झाले, शर्टाच्या बाह्यांना दिवसभर वास येत होता.

दुपारी कुलसचिवांनी बोलावले. "फुलझेले, जानेवारीत उद्घाटन आहे. हा काय प्रकार चाललाय खाली? अनधिकृत प्रवेशाची नोटीस तयार करा. ग्रामसभेच्या नावाने काढा, म्हातारीच्या नावाने नको, बातमी होईल."

नोटीस मी तयार केली आहे. मसुदा निर्दोष आहे. ती टेबलावर सात दिवस पडून आहे आणि मी दररोज त्यात एक शब्द बदलून पुन्हा टाईप करायला देतो. टंकलेखक बाई आज म्हणाल्या, "सर, हे तर कालच्यासारखंच झालं." असे फार दिवस चालणार नाही.

काकींना येऊ देऊ नकोस. मी विनंती करतो आहे, नोटीस देत नाही. एवढ्या लांबून त्यांनी तिथे येऊन बसण्यात काही अर्थ नाही.

हरिदास


दि. २ डिसेंबर २०२४
कोंदावाही

प्रिय लालसू,

तुझे अपील दाखल झाल्याचे कागद आमच्याकडे आले. सुनावणी ११ डिसेंबरला. माझे नाव साक्षीदार म्हणून तू पुन्हा दिले आहेस. ते का दिलेस, याचा मी आठवडाभर विचार करत होतो. मी मागच्या वेळी काय बोललो ते तू ऐकले आहेस.

गेल्या पत्राच्या शेवटी मी लिहिले की काकींनी तिथे येऊन बसण्यात काही अर्थ नाही. तेवढे वाक्य खरे होते. त्याचे कारण मी लिहिले नाही.

दगड प्रशासकीय इमारतीच्या पायात नाहीत. कधीच नव्हते. ते ग्रंथालयाच्या समोरच्या पायऱ्यांखाली, भरावात आहेत. विक्कीच्या रोजच्या नोंदवहीत १० एप्रिलला तसे लिहिलेले आहे आणि त्याखाली माझी सही आहे. आठ पायऱ्या, चार मीटर रुंद. एक गवंडी आणि चार मजूर दोन दिवसांत त्या उकलतील. ग्रंथालयाच्या भिंतीला धक्का लागणार नाही. क्रेनने उचलताना एका दगडाचा वरचा तुकडा उडाला, बाकी सहा अखंड आहेत. तुटलेला कोणाचा, हे मला सांगता येणार नाही.

पाया म्हटले की तू आशा सोडशील आणि प्रकरण मिटेल, असा माझा हिशेब होता. तू सोडलीस की नाही ते मला कळले नाही. काकींनी मात्र माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि त्या कोपऱ्यात येऊन बसल्या. तेरा बुधवार. ग्रंथालय तिथून दीडशे पावलांवर आहे. मी दोना धरून उभा होतो तेव्हा मला माहीत होते की भिंतीमागे माझ्या कार्यालयाचे स्वच्छतागृह आहे आणि खाली मुरूम. त्या त्यांची नावे घेत होत्या आणि मी ऐकत होतो. तेव्हा सांगता आले असते. सुनिल जवळ होता, कुलसचिव वर होते, ही कारणे मी नंतर शोधली. त्या क्षणी माझ्या मनात एवढेच आले की आता सांगितले तर या माझ्याकडे बघतील.

नोटीस गेल्या सोमवारी निघाली. तुला मिळाली असेल. खालची सही माझी आहे.

त्याच दिवशी मी कुलसचिवांना सांगितले की अपिलात मी खरे बोलणार आहे. ते दगड काय आहेत हे मला माहीत होते, असे सांगणार आहे. मला वाटले होते ते संतापतील, बदलीची भाषा करतील. त्यासाठी मी उत्तर तयार ठेवले होते. त्यांनी मला बसायला सांगितले, चहा मागवला.

"उत्तम," ते म्हणाले. "खरंच उत्तम, फुलझेले. कर्मचाऱ्याने माहिती दडवली, संस्था अनभिज्ञ होती. आपली सुटका झाली. चौकशी होईल तुमची, दोन वेतनवाढी थांबतील, दोन वर्षांत तुम्ही निवृत्त. मी बघतो." मग कपात साखर ढवळत म्हणाले, "तो तुमचा पहिला मसुदा... तो फाडला होता ना?"

"हो, साहेब," मी म्हणालो.

लालसू, तो फाडलेला नाही. मी कोणताही मसुदा फाडत नाही.

यादी पहिल्यांदा मी फेब्रुवारीत लिहिली, हाताने. दगड मी पहिल्या दिवशीच ओळखले होते, वीस पावलांवरून. ओळखायला १९८६ सुद्धा लागले नाही. बुडाशी तांदूळ होता. बाब ४३ मी अशी लिहिली: 'मृतांच्या नावाने उभे केलेले दगड, माडिया रीतीप्रमाणे, सात. हलवू नयेत. ग्रामसभा येरमेगुडा यांना कळवावे.' कुलसचिवांनी ती ओळ हिरव्या शाईने खोडली आणि समासात लिहिले, 'अनघड दगड लिहा. अन्यथा ३१ मार्चपूर्वी ताबा अशक्य.' खाली त्यांची आद्याक्षरे आणि तारीख. त्याखाली निळ्या शाईत माझे 'पाहिले, दुरुस्त केले' आणि माझी सही.

मी एक शब्दही न बोलता दुरुस्त केले. मला कोणी दम दिला नाही. मला ते वाक्य पटले: ताबा लांबला असता, निधी परत गेला असता, तेरा वर्षांच्या फाईली पुन्हा पहिल्यापासून. वाणिज्य विभागाच्या दारावरची पाटी मी आधीच करून घेतली होती.

तो कागद मी फाईलमधून काढून घरी आणला आणि कपाटात ठेवला. तुझ्यासाठी नाही. पुढे कधी चौकशी लागली तर माझ्या एकट्याच्या गळ्यात येऊ नये म्हणून. जूनमध्ये तू फाटकाशी ओरडलास त्या संध्याकाळी मी तो काढून पाहिला आणि परत ठेवला. ऑगस्टच्या सुनावणीला तो माझ्या बॅगेत होता. बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा बॅग माझ्या पायाशी होती.

तो कागद या पत्रासोबत आहे. विक्कीच्या नोंदवहीतील १० एप्रिलच्या पानाची साक्षांकित प्रतही जोडली आहे. ती दाखवून तू पायऱ्या उकलण्याची मागणी करू शकतोस; इमारत पाडावी लागेल असे आमचे वकील म्हणतील, त्यांना हे पान दाखव. मसुदा मात्र एकटाच आहे. त्याची झेरॉक्स मी काढलेली नाही.

हे रजिस्टरने पाठवले नाही. सुनिलच्या हाती देतो आहे. त्याने मला काहीही विचारले नाही, फक्त म्हणाला, "सर, बुधवारची वाट नाई पाहत, आजच देऊन येतो." कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याने बनियनच्या आत ठेवला.

११ तारखेला मी येईन. अपिलात विचारले तर सांगेन: मला माहीत होते, साहेबांना माहीत होते, दगड पायऱ्यांखाली आहेत. हे मी आज लिहितो आहे आणि आज मी तसे ठरवले आहे. पण १९९१ साली तू दारातून बाहेर पडल्यावर मीही ठरवले होते की उद्या छावणीत जाऊन विचारायचे, आणि ऑगस्टमध्ये घरून निघताना ठरवले होते की आज बॅग उघडायची. दोन्ही वेळा माझा निर्धार पक्का होता. त्यामुळे माझ्या शब्दावर राहू नकोस. कागद तुझ्याजवळ ठेव. मी बोललो तर तो घडी घालून खिशातच राहू दे. नाही बोललो, तर सगळ्यांसमोर माझ्या हातात दे आणि मोठ्याने वाचायला लाव. माझे अक्षर आहे, मला ते वाचता येत नाही असे मी म्हणू शकणार नाही.

तेवढ्यासाठीच तू माझे नाव दिले असशील, तर बरोबर केलेस.

हऱ्या